गोठलेल्या धबधब्याचा फोटो काढायचाय, साताऱ्याहून कुठे जावं?

पावसाळी_पिशवी | ५ डिसेंबर

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. गेली आठ-नऊ वर्षं पावसाळ्यातला प्रत्येक रविवार कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठोसेघर, भांबवलीचा वजराई, सडावाघापूरचा उलटा धबधबा असा घालवते. माझं इथलं नाव त्या पिशवीवरूनच पडलंय. घरात धबधब्यांचे इतके फोटो झालेत की नवरा म्हणतो, आता भिंतींना ओल येईल.

यंदा डोक्यात वेगळंच खूळ शिरलंय. धावणारं पाणी खूप टिपलं, एकदा थांबलेलं पाणी टिपायचंय. त्यात परवा घरच्या ग्रुपवर फोटो आला, 'लिंगमळा धबधबा गोठला, महाबळेश्वरचं झालं काश्मीर!!' मी गाडीची किल्ली हातात घेतली होती, खरंच. मग फोटो मोठा करून पाहिला तर मागे हिमालयातले देवदार.

तर विचारायचंय असं की आपल्याकडे खरोखर कधी धबधबा गोठतो का? आणि नसेल तर जानेवारीत आठ-नऊ दिवसांच्या रजेत कुठे जाता येईल? वय ४३, उजवा गुडघा कुरकुरतो, बर्फावर आजवर एकदाही चाललेले नाही. अजिंक्यतारा आठवड्यातून तीनदा चढते, एवढंच भांडवल.

कऱ्हाडी_माणूस | ५ डिसेंबर

लिंगमळ्याला देवदार! आमच्या ग्रुपवर तोच फोटो 'कोयनानगर' म्हणून आलाय.

वेण्णाकाठ | ५ डिसेंबर

मी महाबळेश्वरचाच, स्ट्रॉबेरीवाला. दर वर्षी या बातमीने आमचं डोकं उठतं, म्हणून एकदाच नीट लिहितो.

धबधबा गोठत नाही. आमच्या आज्यानेही कधी पाहिला नाही. गोठतं ते दव. वेण्णा लेकची बोटींची जेटी, तिथल्या गाड्यांचे टप, लिंगमळ्याच्या बाजूच्या शेतातलं गवत, स्ट्रॉबेरीची पानं, यांच्यावर पहाटे पांढरा थर चढतो. पेपरवाले त्याला 'हिमकण' म्हणतात. ऊन आलं की अर्ध्या तासात सगळं पाणी. आठ वाजता पुण्याहून आलेला पर्यटक मला विचारतो, बर्फ कुठेय? मी म्हणतो, तुमच्या बुटाखाली होता.

आणि जानेवारीत लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी कितीसं असतं? बारीक धार. गोठायला आधी पाणी तर पाहिजे.

उष्मांक | ५ डिसेंबर

वेण्णाकाठ यांनी लिहिलंय ते बरोबर. थोडं मास्तरकी करतो, सवय जात नाही.

पेपरात 'पारा ६ अंशांवर' असतो आणि त्याच बातमीत दव गोठल्याचा फोटो. लोकांना वाटतं दोन्हीतलं एक खोटं. दोन्ही खरी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री गवताचं पातं, गाडीचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. शिवाय थंड हवा जड, ती उतारावरून वेण्णेच्या खोलगटात येऊन साठते. म्हणून गावात ६ आणि तळ्याकाठच्या गवतावर शून्य.

पण दव म्हणजे पाण्याचा पापुद्रा. धबधब्याचं गणित निराळं. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम पाण्याचा बर्फ करायचा तर त्यातून ८० कॅलरी काढाव्या लागतात, आणि आपल्याकडे कड्यातून झिरपणारं पाणी मुळात कोमट. पहाटेचे दोन तास त्याला काय करणार? त्यासाठी दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे शून्याखाली तापमान हवं. म्हणजे तिकीट काढा.

मण्यांचा_भाव | ६ डिसेंबर

तासगाववरून. तुम्ही लोक दव गोठलं म्हणून फोटो काढता आणि आम्ही दव पडलं म्हणून रात्रभर जागतो. द्राक्षाच्या घडावर दव बसलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच म्हणून समजा, मग फवारणी. माझ्या आयुष्यात थंडीचं एकच रूप आहे, पाठीवर पंप आणि कानाला मफलर. पावसाळीताई, हिमालयात जाताय तर तिकडची थंडी तिकडेच ठेवून या.

वेण्णाकाठ | ६ डिसेंबर

@मण्यांचा_भाव, हात मिळवा. आमचीही पानं करपतात. पहाटे पिकाला धूर देत बसतो आणि पर्यटक म्हणतात, वा, काय छान धुकं!

सांगलीचा_भटक्या | ६ डिसेंबर

मूळ प्रश्नाकडे येऊ. हिवाळी हिमालय मी चार वेळा केलाय, त्यावरून सांगतो.

लोक पहिलं नाव घेतात ते लडाखमधल्या झंस्कारच्या चादर ट्रेकचं. गोठलेल्या नदीवरून चालत जायचं, वाटेत नेरकचा गोठलेला धबधबा. फोटो स्वर्गीय. पण उणे २०-२५ तापमानात तंबूत झोपायचं, लेहला विमानाने उतरून शरीर रुळवायचं. पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. नऊ दिवसांत बसतही नाही.

दुसरं हिमाचलमधलं स्पिती. ताबो आणि काझाच्या दरम्यान लिंगटीला कड्यावरून उतरलेले बर्फाचे खांब असतात, तिथे बर्फारोहणवाले सराव करतात. मात्र हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद, म्हणजे मनालीकडून वाट नाही. शिमला, रामपूर, किन्नौर, नाको असा लांबचा रस्ता घ्यायचा. तो एका परीने बराच, कारण उंची हळूहळू वाढते. पण साताऱ्याहून जाऊन येऊन नऊ दिवस? धावपळ होईल आणि डोंगरात धावपळ केली की डोकं धरून बसायची वेळ येते.

तिसरं काश्मीरचं द्रंग, गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गजवळ. चालणं अगदी थोडं. पण आता तिथे गर्दी इतकी की फोटोत बर्फापेक्षा लाल जॅकेटं जास्त येतात.

माझं मत सिस्सूला. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे, लाहौलमध्ये. बोगदा ९ किलोमीटरचा, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल तुटलेलंच असायचं. सिस्सूची उंची साधारण ३१०० मीटर. गावासमोर, चंद्रा नदीपलीकडे धबधबा. पूर्ण गोठला तर उत्तम, अर्धा गोठला तर त्याहून उत्तम.

नाद_खुळा_सातारी | ६ डिसेंबर

म्या गेलतो सिस्सूला ३१ डिसेंबरला. बोगद्याच्या तोंडाशी पाच तास गाडीत. धबधबा न्हाय दिसला, फुडच्या गाडीचा नंबर तेवढा पाठ झाला. नवीन वर्षाच्या आसपास अजिबात जाऊ नगा.

कट्ट्यावरची | ७ डिसेंबर

मी जरा विरुद्ध बोलते, राग मानू नका. कास पठाराचं काय झालं ते आपण साताऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०१२ साली जागतिक वारसा यादीत नाव लागलं आणि मग फुलांपेक्षा माणसं जास्त. शेवटी कुंपण, तिकीट, माणसांची मर्यादा. आता आपणच उठून दुसऱ्याच्या दारात गर्दी करायला जायचं? एक चांगला फोटो टाकला की मागून हजार गाड्या येतात.

पावसाळी_पिशवी | ७ डिसेंबर

@कट्ट्यावरची, राग नाही. वजराईचं माझ्याच हातून झालंय. काही वर्षांपूर्वी एक फोटो पायवाटेच्या वर्णनासकट टाकला होता. पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेवर कुरकुऱ्यांची पाकिटं मोजत गेले. तेव्हापासून वाट लिहीत नाही. पण जायचंच नाही, हे मला जमणार नाही.

भटक्या, सिस्सू पटतंय. गोवा एक्सप्रेस साताऱ्याहून थेट निजामुद्दीनला जाते, पुढे रात्रीची बस मनालीला. बोगद्यापलीकडे एकाच दिवसात गेलं तर त्रास होईल का?

सांगलीचा_भटक्या | ७ डिसेंबर

मनालीत दोन रात्री काढा, साधारण २००० मीटरवर. मग सिस्सू. पहिल्या दिवशी फक्त फिरायचं, जड काही नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर वर जायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं, बोगदा जवळच आहे. गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा, धाग्यावरच्या डॉक्टरांना नको.

आणि महत्त्वाचं. जानेवारीच्या उत्तरार्धात सिस्सूच्या बाजूच्या पंचायती देवतांच्या उत्सवासाठी पर्यटन बंद ठेवतात, फेब्रुवारीअखेरपर्यंत. अलीकडची काही वर्षं असं चाललंय. गोंगाटाने देवाची शांतता मोडते अशी त्यांची भावना. म्हणून २० तारखेच्या आत जा, आणि निघण्याआधी फोन करून खात्री करा.

मिरज_तंतुवाद्य | ७ डिसेंबर

वा! म्हणजे आपल्या कोकणातल्या आचऱ्याच्या गावपळणीची उलटी बाजू. तिथे गावच देवासाठी वेशीबाहेर जातं, इथे पाहुण्यांना वेशीबाहेर ठेवतात. मला तर आवडलं.

कट्ट्यावरची | ७ डिसेंबर

मलाही. कासला असा देव पाहिजे होता.

काळी_खोली | ८ डिसेंबर

सांगलीत फोटो स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो. कुणी कॅमेऱ्याबद्दल बोललंच नाही म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याला बर्फ कळत नाही. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरंशुभ्र समोर आलं की तो ते काळपट करून टाकतो, धुतल्यावरही मळकट राहिलेल्या धोतरासारखं. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अधिक एक स्टॉपपर्यंत वाढवायचं, लख्ख बर्फ असेल तर दीडपर्यंत. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे टेकू द्यायचा, पण भिंतीवर आपटू द्यायचा नाही. आणि रॉ मध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः रंग न बसवलेली कच्ची फाईल. दरीतला धबधबा सावलीत असतो, सावलीत बर्फ निळा पडतो. तो निळा किती ठेवायचा हे घरी बसून ठरवता येतं. थोडा ठेवाच. जाड, बुडबुडे नसलेला बर्फ खरोखरच निळसर असतो, प्रकाशातला तांबडा भाग तो गिळतो. हवेचे बुडबुडे अडकले की पांढरा.

दुसरी गोष्ट, बॅटरी. थंडीत ती मरत नाही, गारठते. तीन न्या, दोन बनियनच्या खिशात अंगाला लावून. संपली असं दाखवणारी काढून खिशात ठेवा, ऊब मिळाली की पुन्हा दहा-वीस फोटो देते. मोबाईलचं तसंच, शेंगा भाजायच्या आत बंद पडतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही!! दारातच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. दव पिशवीच्या बाहेरून बसू दे. कॅमेरा खोलीइतका कोमट झाला की मग उघडायचा. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे रात्री फोटो बघायचा मोह कॅमेऱ्याला भोवणार नाही.

ट्रायपॉडच्या पायांना नळाच्या पाईपवर चढवतात तो फोम लावा, नाहीतर हाताची कातडी त्यालाच राहील. आणि चौकटीत एक माणूस उभा करा. बर्फाला मापच नसतं. माणूस नसेल तर तो धबधबा दोनशे फुटांचा की फ्रीजरमधला, बघणाऱ्याला काय कळणार?

कऱ्हाडी_माणूस | ८ डिसेंबर

आमच्या फ्रीजरमध्ये आत्ता दोन्ही आहे. बायको म्हणते बंद करून वितळव, मी म्हणतो जतन केलेला निसर्ग आहे.

पावसाळी_पिशवी | ८ डिसेंबर

काळी_खोली काका, कागदावर उतरवून घेतलं. म्हणजे माझी पिशवी तिकडेही लागणार! आणखी एक, बुटांचं काय? आणि खाली उभं राहिलं तर चालतं का?

सांगलीचा_भटक्या | ८ डिसेंबर

बुटांवर चढवायचे साखळीचे काटे मिळतात, मायक्रोस्पाईक. मनालीत भाड्याने मिळतील. ते घातल्याशिवाय घट्ट बर्फावर पाऊल टाकू नका, गुडघा एका घसरणीत संपेल. मोजे लोकरीचे, सुती अजिबात नकोत. आणि लोंबत्या बर्फाखाली कधीच उभं राहायचं नाही. दुपारी ऊन लागलं की सुळके सुटतात. सकाळी जा, लांबून काढा, टेलीलेन्स न्या.

नाद_खुळा_सातारी | ८ डिसेंबर

कंदी पेढं न्या तिकडच्या लोकास्नी. पण आतल्या खिशात ठेवा, म्या नेलेलं दगड झालंतं. घरमालकानं हातोडीनं फोडलं.

पावसाळी_पिशवी | १४ जानेवारी

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. जाऊन आले. आधी गाऱ्हाणं. दिल्लीतल्या एका प्रवास कंपनीने बसमध्ये हीटर आहे सांगून पैसे घेतले आणि हीटर होता तो फक्त ड्रायव्हरच्या पायाशी. मनालीला उतरले तेव्हा मीच गोठलेला धबधबा होते.

दोन रात्री मनालीत काढल्या. तिसऱ्या दिवशी बोगदा ओलांडला. अलीकडे उघडे काळे डोंगर, पलीकडे तोंडातून बाहेर पडताच डोळे मिटावेत इतकं पांढरं. सिस्सूत एका घरी राहिले. घराच्या नळाला पाणी नाही, पाईप गोठलेले. काकू बादलीने पाणी आणायच्या. आपण दुष्काळातलं पाणी वाचवणं बघितलंय, समोर एवढा बर्फ असताना पाणी जपणं पहिल्यांदा बघितलं.

पहिल्याच संध्याकाळी मी काकांनी सांगितलेली चूक केली. गावातून दोन-चार फोटो काढून आत आले, तंदूर म्हणतात ती लोखंडी शेगडी ढणढणत होती, त्या उबेत भान हरपलं आणि कॅमेरा बाहेर काढला. लेन्स अशी पांढरी झाली की वाटलं दूध ओतलं कुणी. आतल्या काचेवरही. रात्रभर कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला, डोळ्याला डोळा नाही.

सकाळी काकूंचा मुलगा बरोबर आला. पूल ओलांडून पलीकडे, मग चढ. अंतर थोडं, पण वीस पावलांना थांबत होते. अजिंक्यतारा माझ्या काही कामाला आला नाही. कामाला आले ते स्पाईक. (गुडघा ठीक आहे, विचारायच्या आत सांगते.)

धबधबा पूर्ण गोठलेला नव्हता. दोन्ही कडांनी बर्फाचे पडदे, वडाच्या पारंब्यांसारखे एकमेकांत गुंतलेले, मध्ये एक पट्टा अजून वाहता. आणि मला वाटलं होतं शांतता असेल. अजिबात नाही. पाणी बर्फाच्या मागून चाललेलं, आवाज भिंतीपलीकडे कुणी भांडी घासत असल्यासारखा. मधेच कुठेतरी कडाड्. मुलगा म्हणाला, ये रोज़ बोलता है.

पहिले चाळीस फोटो फुकट गेले. मी सवयीने ठोसेघरसारखे काढत बसले, मोठी चौकट, लांब शटर, वरपासून खालपर्यंत सगळं. मागे बघितलं तर सगळे ग्रुपवरच्या त्या देवदारवाल्या फोटोसारखे. ६० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम बंद. दुसरी बनियनमधून काढेपर्यंत बोटं गेली. मग एका दगडावर बसून नुसती बघत राहिले. डाव्या कडेला एक पातळ, काचेसारखा पापुद्रा होता आणि त्याच्या मागून पाणी उतरताना दिसत होतं, थेंबाथेंबाने, सरड्यासारखं सरकत. टेलीलेन्सने फक्त तेवढंच काढलं. हातभर जागा. त्यात ना कडा दिसतो, ना आकाश, ना माणूस. काळी_खोली काका, माप दाखवायचा नियम मोडलाय, रागवू नका.

एक फोटो चढवलाय. वाट लिहिणार नाही.

काळी_खोली | १४ जानेवारी

मोडलात ते बरं केलंत. वरच्या कोपऱ्यात थोडं जळलंय, अर्धा स्टॉप जास्त झाला. पण पाणी आणि बर्फ यांच्या मधली ती काळी रेघ आहे ना, ती मिळायला लोक आठवडाभर बसतात. मोठा प्रिंट काढून देतो, पैसे नकोत, तिळगूळ आणा.

उष्मांक | १४ जानेवारी

मुलगा म्हणाला 'रोज बोलता है' ते शास्त्रही झालं. रात्री गारठून बर्फ आकसतो, दिवसा प्रसरण पावतो, तेव्हा तडकतो. या फोटोवर दहावीच्या वर्गाला एक तास सहज घेता येईल. वापरू का?

पावसाळी_पिशवी | १४ जानेवारी

जरूर वापरा सर. बाकी आईला फोटो दाखवला. ती चष्मा पुसून म्हणाली, एवढ्या लांब जाऊन बंद पडलेला धबधबा बघून आलीस?

मण्यांचा_भाव | १५ जानेवारी

आईंचं बरोबर आहे. आणि थंडी तिकडेच ठेवून या म्हटलं होतं, ऐकलं नाहीत. काल रात्री इकडे कडाका वाढलाय.

वेण्णाकाठ | १६ जानेवारी

खरंय. आज पहाटे जेटीच्या फळ्या पांढऱ्या झाल्यात. पावसाळीताई, वारा पडलाय, आभाळ निरभ्र आहे, उद्याही होणार. सिस्सू झालं, आता घरचंही बघा.

पावसाळी_पिशवी | १६ जानेवारी

साताऱ्याहून पहिली एसटी किती वाजता?

वेण्णाकाठ | १६ जानेवारी

एसटीने आलात तर बुटाखालचंच बघाल. आज मुक्कामालाच या. साडेपाचला उठवतो, धूर घालायला एक माणूस कमीच आहे.